फाशांचं गणित : दोन खोल्या, दोन फासे आणि औंढ्याचा माळ

गेल्या आठवड्यात आपण एकच फासा टाकत होतो. आता दोन घेऊ. एका फाशावर सहा पडण्याची शक्यता सहात एक. मग दोन्हींवर एकदम सहा पडण्याची किती?

वर्गात हा प्रश्न टाकला की बहुतेक पोरं "सहात दोन" म्हणून मोकळी होतात. बेरीज पहिलीपासून अंगवळणी पडलेली, दुसरं काय! चूक म्हणून खोडू नका. त्यांच्याच हिशेबानं पुढं चला : तीन फाशांवर सहात तीन, चारांवर सहात चार, आणि सहा फासे टाकले की सगळीकडं हमखास सहाच. इथं मागच्या बाकावर कुणीतरी हसतंच. लुडो प्रत्येकानं खेळलेला असतो; साधी सोंगटी घराबाहेर काढायला किती तंगवतात हे ठाऊक असतं.

मग वहीत सहा आडव्या, सहा उभ्या अशा 36 चौकटी आखायच्या. एक फासा लाल, एक पांढरा घ्या, म्हणजे लाल 1–पांढरा 2 आणि लाल 2–पांढरा 1 ही दोन वेगळी घरं आहेत हे न सांगता कळतं. दहावीच्या पुस्तकातला 'नमुना अवकाश' तो हाच. त्यात सहा-सहाचं घर एकच. म्हणून 36 त एक : शक्यतांचा गुणाकार, बेरीज नव्हे.

पण गुणाकाराला एक अट आहे, आणि घोकंपट्टीत नेमकी तीच निसटते. एका फाशाला दुसऱ्याची खबर नसावी. दोन्ही फासे डिंकानं चिकटवून टाकले तर 36 त एकचं काही खरं नाही.

ही अट किती मोलाची, हे पाहायला आपल्याच जिल्ह्यात जागा आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला 'लायगो-इंडिया' ही, अवकाशालाच ताणत-आवळत जाणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांतून लेसरचे किरण धावणार आणि गुरुत्वीय लहर आली की भुजांच्या लांबीत पडणारा अतिसूक्ष्म फरक टिपणार. अडचण एवढीच, की असं यंत्र लांबून जाणाऱ्या ट्रकनंही थरथरतं. खोटी थरथर कोणती, खरी कोणती?

म्हणून अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथं सुमारे 3,000 किलोमीटर अंतरावर दोन यंत्रं बांधली. एकाकडच्या ट्रकची दुसऱ्याला खबर नाही! 14 सप्टेंबर 2015 ला दोन्हींत सारखीच लहर उमटली, जेमतेम सात मिलिसेकंदांच्या अंतरानं. पण दोन्हींवर योगायोगानं सहा पडलं नसेल कशावरून?

इथली युक्ती घरी करता येते. दोन पोरांना दोन खोल्यांत बसवा. प्रत्येकानं शंभरदा फासा टाकून यादी लिहायची. याद्या शेजारी ठेवल्या की दोन-तीन ओळींत सहाला सहा जुळेल. आता एक यादी एक ओळ खाली सरकवा, तळाचा आकडा वर घ्या आणि पुन्हा मोजा. आता जुळेल तो निव्वळ योगायोग, कारण ते आकडे एका वेळी पडलेलेच नाहीत. अशा 99 सरकवण्यांत 9,900 जोड्या मिळतात, आणि त्यांत सहाला सहा साधारण 275 वेळा. फासे पुन्हा हातात न घेता योगायोगाचं माप हाती लागलं. मला तर ही युक्ती सूत्रापेक्षा देखणी वाटते.

शास्त्रज्ञांनी हेच केलं. एका यंत्राची नोंद दुसऱ्यापुढं दर खेपेला सेकंदाच्या दहाव्या भागानं सरकवली, सुमारे 1 कोटी वेळा. अवघ्या 16 दिवसांच्या नोंदीतून 6 लाख 8 हजार वर्षांचा योगायोग तपासून झाला. त्या लहरीइतका ठसठशीत जुळणारा योगायोग एकदाही सापडला नाही.

औंढ्याच्या यंत्राचा मुख्य उपयोग लहर आकाशाच्या कुठल्या बाजूनं आली हे ठरवायला होणार आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय. पण फाशांपुरतं पाहिलं तर ती आणखी एक खोली. घरीही तिसरं पोर बसवून पाहा : तिघांचं सहा एकाच ओळीत यायला सरासरी 216 ओळी लागतील. दारं मात्र लावून घ्या. शेजारच्या खोलीतून "सहा पडला रे!" अशी आरोळी आली, की इकडच्या यादीतही सहा वाढायला लागतात.