उच्चाधिकाऱ्याचे अपयश आणि निवडकर्त्यांचे दायित्व

मोठ्या व्यवसायसंस्थेने बाहेरून आणलेला मुख्य कार्यकारी अधिकारी अल्पावधीत अपयशी ठरला म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे सर्वांत सोपे उत्तर 'त्या व्यक्तीचा' असे दिले जाते. तिला दूर केले की प्रकरण संपले असे मानण्यात येते. दुसरे उत्तर निवड करणाऱ्या संचालक मंडळाकडे बोट दाखवते, तर तिसरे प्रतिकूल परिस्थितीकडे. हा वाद केवळ नैतिक नाही. दोष जेथे मानला जाईल तेथेच उपाय योजला जातो. निदान चुकले तर तीच चूक नव्या नावाने पुन्हा घडते.

या दृष्टीने अमेरिकेतील जे. सी. पेनी या वस्तुभांडारांच्या कंपनीचे उदाहरण उद्बोधक आहे. १९०२ साली स्थापन झालेल्या या कंपनीची २०११ च्या सुमारास अकराशेच्या आसपास दुकाने होती. विक्री मंदावल्याने कंपनीचा कायापालट करण्यासाठी संचालक मंडळाने जून २०११ मध्ये रॉन जॉन्सन यांची निवड जाहीर केली. ॲपल कंपनीच्या किरकोळ विक्रीच्या दुकानांचे शिल्पकार म्हणून त्यांची ख्याती होती. तत्पूर्वी टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीतही त्यांनी काम केले होते. निवडीची वार्ता प्रसृत होताच कंपनीच्या भागांचा भाव एका दिवसात सुमारे १७ टक्क्यांनी वाढला. म्हणजे ही निवड त्या वेळी मंडळालाच नव्हे, तर भागबाजारालाही योग्य वाटली होती.

जॉन्सन यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये सूत्रे हाती घेतली आणि फेब्रुवारी २०१२ पासून कुपने व वारंवार लागणारे सवलतीचे सेल बंद करून रोजच्या स्थिर किमतींची पद्धत सर्व दुकानांत एकदम सुरू केली. निवडक दुकानांत आधी प्रयोग करून पाहिला गेला नाही. घासाघीस न करता मिळणारी वाजवी किंमत ग्राहकाला रुचेल, ही अपेक्षा तर्कशुद्ध होती. परंतु पेनीच्या ग्राहकाला सवलत मिळवण्यातच खरेदीचे समाधान वाटत असे. २०११ च्या आर्थिक वर्षातील सुमारे १,७२६ कोटी डॉलरची विक्री पुढील वर्षी सुमारे १,२९८ कोटींवर आली आणि ९८.५ कोटी डॉलरचा तोटा झाला. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना पायउतार व्हावे लागले व त्यांचे पूर्वाधिकारी मायरन उलमन यांना परत बोलावण्यात आले.

येथे व्यक्तीचा दोष उघड आहे. प्रयोगाविना सार्वत्रिक बदल करणे हा जॉन्सन यांचा निर्णय होता. तथापि विवेचन येथेच थांबवणे म्हणजे मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये ज्याला मूलभूत कारणारोपण-दोष असे संबोधले, त्याला बळी पडणे होय. दुसऱ्याच्या वर्तनाचा अर्थ लावताना मनुष्य त्याच्या स्वभावाला व गुणांना अवाजवी महत्त्व देतो आणि परिस्थितीचा वाटा कमी लेखतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा दोष केवळ अपयशाच्या चिकित्सेत उद्भवतो असे नाही. यशाच्या चिकित्सेतही तो तितकाच प्रभावी असतो, आणि निवडीच्या प्रसंगी तोच अधिक घातक ठरतो.

ॲपलच्या दुकानांत सवलतीवाचून विक्री होत असे, कारण ज्या वस्तूंसाठी ग्राहक तेथे येत त्या त्याच कंपनीच्या होत्या व त्यांची किंमत तीच ठरवीत असे. पेनीच्या दुकानांतील बराचसा माल अन्य दुकानांतूनही मिळणाऱ्या मालासारखाच होता. जॉन्सन यांनी ॲपलमधील काही सहकारीही सोबत आणले. माणसे आली, परंतु ज्या परिस्थितीत त्यांचे कौशल्य फलद्रूप झाले होते ती मागेच राहिली. बोरिस ग्रॉयसबर्ग यांनी वॉल स्ट्रीटवरील नामांकित विश्लेषकांचा जो अभ्यास केला, त्याचा निष्कर्ष याला पूरक आहे. संस्था बदलल्यावर अनेकांची कामगिरी खालावली, कारण तिचा काही भाग पूर्वीच्या संस्थेच्या साधनांवर व संबंधांवर आधारलेला होता. राकेश खुराना यांनीही २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, संचालक मंडळे तेजस्वी तारणहाराच्या शोधात संस्थेची प्रत्यक्ष गरज दृष्टिआड करतात, असे दाखवले आहे.

यावरून दायित्वाची विभागणी तीन टप्प्यांत करता येते. पहिला टप्पा निदानाचा. संस्थेला कोणते कार्य करवून घ्यायचे आहे हे निवडीपूर्वी ठरवणे, हे सर्वस्वी संचालक मंडळाचे कर्तव्य होय. दुसरा टप्पा निवडीचा. उमेदवाराच्या पूर्वयशातील कोणता अंश त्याचा स्वतःचा व कोणता परिस्थितीचा, याची छाननी मंडळाने केली पाहिजे. मात्र त्या यशाचे मर्म उमेदवारालाच सर्वाधिक ठाऊक असल्याने तोही या जबाबदारीतून मुक्त होत नाही. तिसरा टप्पा कार्यारंभानंतरचा. येथे निर्णय अधिकाऱ्याचा आणि देखरेख मंडळाची, असे दायित्व उभयपक्षी असते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, आमूलाग्र बदलासाठी आणलेल्या मनुष्याच्या कामात मंडळाने ढवळाढवळ केली तर त्याचे अपयश निश्चितच होय. आक्षेपात तथ्य आहे. परंतु नवी पद्धत प्रथम काही दुकानांत आजमावावी, असा आग्रह धरणे म्हणजे ढवळाढवळ नव्हे. स्वातंत्र्य देणे आणि लक्ष काढून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पेनीचा पुढील इतिहास या विवेचनाला पुष्टी देतो. जॉन्सन गेले, कुपने परत आली. तरीही २०११ ची विक्रीची पातळी कंपनीला पुन्हा गाठता आली नाही आणि मे २०२० मध्ये, महामारीच्या काळात, तिने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. दोष एकाच व्यक्तीत सामावलेला असता, तर तिच्या गमनानंतर व्याधीही दूर झाली असती. म्हणून अधिकारी अपयशी ठरल्यावर मंडळाने केवळ उत्तराधिकारी शोधून भागत नाही. आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्याला आणले होते आणि तो प्रश्न तरी बरोबर होता काय, याची लेखी चिकित्सा त्याने प्रथम केली पाहिजे. कारण चुकीच्या निर्णयाची किंमत बहुधा असे लोक मोजतात, ज्यांचा त्या निवडीत काहीही सहभाग नसतो.