सगळ्या मैदानाचा उस्ताद

१९३८ सालचा मेक्सिकन लीगचा हंगाम संपला तेव्हा पिचरांच्या यादीत जे नाव सर्वांत वर होतं, तेच फलंदाजांच्या यादीतही सर्वांत वर होतं. वेराक्रूझच्या ‘आगिला’ संघाच्या मार्तिन दिइगोने पिचर म्हणून १८ सामने जिंकले आणि फक्त २ गमावले. नऊ डावांच्या पूर्ण सामन्यामागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी होती अवघी ०.९०. बॅट हाती घेतल्यावर त्याची सरासरी .३८७. बेसबॉलमध्ये .३०० गाठणारा फलंदाज उत्तम समजला जातो.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला यात फार नवल वाटणार नाही, कारण अष्टपैलू खेळाडू आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. बेसबॉलमध्ये मात्र मैदानावरची प्रत्येक जागा म्हणजे स्वतंत्र विद्या. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो. जमिनीवरून उसळत येणारा चेंडू उचलून, तोल सावरायच्या आत तो त्याला पहिल्या बेसकडे फेकावा लागतो. पहिल्या बेसवरचा खेळाडू वेगळ्या घडणीचा, लांबट ग्लोव्ह वापरतो. एक पाय बेसवर रोवून, अंग ताणून, आडवेतिडवे आलेले थ्रो झेलायचे हे त्याचं काम. आउटफिल्डरला बॅटचा आवाज येताच चेंडू कुठे पडणार ते ओळखून धाव घ्यावी लागते. पिचरचं जग तर निराळंच. साडेसाठ फुटांवरून तो सामन्यात शंभराच्या आसपास चेंडू टाकतो आणि पुढचे काही दिवस खांद्याला विश्रांती देतो. दिइगो पिचर होता, इनफिल्डच्या चारही जागा खेळला आणि आउटफिल्डही. त्यातही ठिगळ लावल्यासारखा नव्हे, तर त्या त्या जागेचा मुख्य खेळाडू म्हणून.

त्याचा जन्म १९०६ मध्ये क्यूबाच्या मातान्सास प्रांतातला, उसाच्या मळ्यांचा आणि साखर कारखान्यांचा हा मुलूख. १९२३ मध्ये, कोवळ्या वयात, तो ‘क्यूबन स्टार्स’ संघातून अमेरिकेत उतरला. त्याच उन्हाळ्यात आदोल्फो लुके हा दुसरा क्यूबन सिनसिनाटी रेड्सकडून २७ सामने जिंकत होता. दोघंही एकाच बेटाचे. पण लुके गोरा होता, म्हणून त्याला मेजर लीगचं दार उघडलं. दिइगो काळा होता. त्याच्यासाठी होती ती निग्रो लीग, म्हणजे कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या बळावर उभी केलेली लीग. जॅकी रॉबिन्सनने ही वर्णभिंत १९४७ मध्ये ओलांडली, तोवर दिइगोची उमेदीची वर्षं सरत आली होती.

त्याच्या बहुगुणीपणाला या अन्यायाचीही पार्श्वभूमी आहे. निग्रो लीगचे संघ बेताच्या पैशांवर चालत. मोजकेच खेळाडू घेऊन बसने गावोगाव हिंडायचं, त्यात कुणाचा हात दुखावला तर शेजारच्याने जागा भरायची. गरजेपोटी अनेक जण दोन-तीन जागा शिकले. दिइगोने मात्र त्या गरजेतून कला घडवली. तो उंचापुरा, चपळ होता आणि त्याच्या थ्रोची ताकद सर्वश्रुत होती.

उन्हाळा अमेरिकेत किंवा मेक्सिकोत आणि हिवाळा क्यूबात, असं वर्षभर त्याचं खेळणं चाले. १९३५ मध्ये तो ‘न्यू यॉर्क क्यूबन्स’चा खेळाडू आणि व्यवस्थापकही होता. १९३५-३६ च्या क्यूबन हंगामात सांता क्लाराला विजेतेपद मिळवून देताना फलंदाजी, पिचिंग आणि व्यवस्थापन या तिन्ही आघाड्या त्याने सांभाळल्या. १९३७ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियोच्या नावाच्या संघाने सॅचेल पेज, जॉश गिब्सन असे तारे गोळा केले, तेव्हा दिइगो प्रतिस्पर्धी ‘आगिलास सिबाएन्यास’कडून खेळला. त्याच वर्षी मेक्सिकन लीगच्या इतिहासातला पहिला नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता पूर्ण केलेला सामना, त्याच्या नावावर लागला. मेक्सिकोत लोक त्याला ‘एल माएस्त्रो’ म्हणत, क्यूबात ‘एल इन्मोर्ताल’, अर्थात अमर.

आज शोहेइ ओहतानी पिचिंग आणि फलंदाजी दोन्ही करतो म्हणून जग थक्क होतं, आणि ते योग्यच आहे. पण पिचिंग नसेल त्या दिवशी ओहतानी बहुतेक वेळा केवळ फलंदाज म्हणून उतरतो. दिइगो त्या दिवशी सेकंड बेस किंवा सेंटर फिल्ड सांभाळत असे.

१९५२ मध्ये क्यूबात बातिस्ताने सत्ता बळकावल्यावर दिइगोने देश सोडला आणि क्रांतीनंतर तो परतला. २० मे १९७१ रोजी त्याचं निधन झालं. त्यानंतर सहा वर्षांनी, १९७७ मध्ये, कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. हा मान मिळवणारा तो पहिला क्यूबन. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना ‘मेजर’ दर्जा दिला आणि त्याचे अमेरिकेतले उन्हाळे अधिकृत नोंदीत आले. क्यूबातले हिवाळे आणि वेराक्रूझचा तो अजोड हंगाम त्या नोंदीच्या बाहेरच राहिले. म्हणून केवळ अमेरिकेचे आकडे पाहून दिइगोला जोखू नये. या सगळ्या देशांतलं त्याचं काम एकत्र मांडलं, तर बेसबॉलने इतका परिपूर्ण खेळाडू दुसरा पाहिला नाही, असंच म्हणावं लागतं.