घोड्याकडून उसनी घेतलेली प्रतिकारशक्ती

सर्पदंश झालेल्या माणसाला शिरेतून जे प्रतिसर्पविष देतात, ते घोड्याच्या रक्तातून येतं. महाराष्ट्रात या औषधाशी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचं नाव जोडलेलं आहे. प्रतिकारशास्त्रातले बरेचसे बोजड शब्द या एका कुपीच्या वाटेवर भेटतात.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला टोचतात. सुरुवातीला अगदी थोडं, मग वाढवत. विष म्हणजे मुख्यतः प्रथिनांचं मिश्रण. प्रतिकारयंत्रणेला जे परकं म्हणून ओळखू येतं, ते प्रतिजन. विषात असे प्रतिजन अनेक असतात.

घोड्याच्या रक्तात, प्लीहेत आणि लसिकाग्रंथींत असंख्य बी पेशी असतात. प्रत्येकीच्या पृष्ठभागावरचे ग्राहक ठरावीक आकारालाच चिकटतात. खरं नवल पुढेच आहे: हे ग्राहक विष आल्यावर घडत नाहीत. जनुकांच्या तुकड्यांची वेगवेगळी जुळणी होऊन ते आधीच तयार असतात, साप जन्मात न पाहिलेल्या घोड्यातसुद्धा! विष आलं की ज्यांचा ग्राहक जुळतो, त्याच बी पेशी निवडल्या जातात आणि मदतनीस टी पेशींचा दुजोरा मिळाला की भराभर विभागू लागतात. त्यांच्या काही वंशजांच्या प्लाझ्मा पेशी होतात. त्या तोच ग्राहक सुटा करून रक्तात सोडत राहतात. हे सुटे ग्राहक म्हणजे प्रतिपिंडं. उरलेल्यांपैकी काही स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. विभागताना जनुकांत बारीक बदल होतात, आणि अधिक घट्ट चिकटणाऱ्या पेशी टिकतात. त्यामुळे इथे घाई चालत नाही. दमदार प्रतिपिंडं मिळायला महिने जातात.

मग रक्त काढून रक्तद्रव वेगळा करतात. प्रतिपिंडाला दोन हात आणि एक दांडा असतो. विष धरायला हात पुरतात, म्हणून पेप्सिन हे विकर वापरून दांडा छाटतात. रुग्णाला होणारा त्रास त्याने कमी होतो. भारतीय प्रमाणानुसार १ मिलिलिटर औषधाने घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी व्हायला हवं. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकंच औषध देतात, कारण साप वजन बघून विष सोडत नाही. चापडा या सापाचं विष मात्र घोड्याला दिलेलंच नसतं, त्यामुळे त्याच्या दंशावर या औषधाचा भरवसा धरता येत नाही.

अशी आयती प्रतिपिंडं दुसऱ्याला वाचवू शकतात, हे एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० साली बर्लिनमध्ये दाखवलं. त्यांच्यासमोर घटसर्प आणि धनुर्वात होते. अशी आयती मिळते ती निष्क्रिय प्रतिकारशक्ती. लसीने येते ती सक्रिय, कारण तिथे शरीर स्वतः पेशी घडवतं. प्रतिसर्पविष तासाभरात कामाला लागतं, पण त्यासोबत घोड्याच्या स्मृतिपेशी येत नाहीत. काही आठवड्यांत उसनी प्रतिपिंडं संपतात आणि पुढच्या दंशाला पुन्हा कुपी लागते.

उलट, रुग्णाच्या बी पेशींना घोड्याचं प्रथिनच परकं वाटतं आणि त्या त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतात. दोन्हींची जाळी रक्तात तरंगते, सांध्यांत आणि रक्तवाहिन्यांत अडकते. या विकाराला सीरम सिकनेस म्हणतात. औषध देताना तत्काळ उमटणारी तीव्र प्रतिक्रिया वेगळी. तिच्यासाठी अ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवतात. सीरम सिकनेस मात्र उशिरा येतो. म्हणून घरी जाताना रुग्णाला बजावायला हवं, की आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला, सांधे दुखले किंवा अंगावर पित्त उठलं, तर पुन्हा दवाखान्यात या.