आडनावातले गाव

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या आदल्या दिवशी मालवण तालुक्यातल्या कोणत्याही वाडीत जावे, वर्षभर कुलूप असलेली घरे उघडलेली दिसतात. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेली मंडळी कोळिष्टके झाडत असतात, कोणी खळ्यातले शेवाळ खरवडत असतो, कोणी गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीसाठी कवंडळे आणि शेरवडे शोधायला रानात गेलेला असतो. अशाच एका घराच्या पडवीत, कांदिवलीत जन्मलेली आणि वाढलेली वीस वर्षांची मुलगी नऊवारी नेसून उभी होती. काष्टा सारखा सुटत होता. शेजारच्या घरातून काठी टेकत एक आजी आल्या. त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळले आणि मालवणीत एकच प्रश्न केला, ‘‘चेडवा, तू कोणाचा गो?’’

मुलीने आपले नाव सांगितले. आजींना ते नको होते. तिने वडिलांचे नाव सांगितले, तेही त्यांना आठवेना. आजोबांचे नाव निघाले तेव्हा मात्र आजी पडवीवर बसल्या आणि तासभर उठल्या नाहीत. त्या मुलीला आपले आजोबा गिरणीत होते एवढेच ठाऊक होते. ते भजनात पखवाज वाजवीत, आणि मुंबईला जाण्याआधीच्या रात्री तो पखवाज याच आजींच्या घरी ठेवून गेले, हे तिला त्या दिवशी कळले. ‘‘मी तर साडीतले फोटो काढायला आले होते,’’ असे ती नंतर हसत म्हणाली.

गावातली काही मंडळी अशा नटण्याला हसतात. वर्षभर जीन्स घालणारी मुले चार दिवस फेटे बांधतात, तुटक मालवणी बोलतात, ‘येवा’ म्हणतात आणि परत जातात. हे सारे नाटकी वाटते, आणि थोडेसे असतेही. परंतु पूर्वजांच्या वेशाची ही ओढ एकट्या कोकणाची नाही. तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडचे आहे, आणि ते समजून घेतले तर आपल्या पडवीत काय घडत होते तेही अधिक उमगते.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत स्कॉटिश वंशाचे असंख्य लोक राहतात. त्यांतले कित्येक जण लग्नाला, सणाला, मेळ्याला किल्ट नेसतात. किल्ट म्हणजे गुडघ्यापर्यंतचे, चुण्यांचे, चौकटीच्या लोकरी कापडाचे वस्त्र. त्या चौकटींच्या विणीला टार्टन म्हणतात, आणि आज प्रत्येक कुळाचे टार्टन वेगळे मानले जाते. मूळ स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला हा गरिबांचा, गुराख्यांचा पोशाख. १७४५च्या बंडाचा मोड झाल्यावर ब्रिटिश सरकारने कायदा करून सैन्याबाहेरच्या पुरुषांना तो घालण्यास बंदी केली. ती १७८२ साली उठली. त्या काळात आणि त्यानंतरही जमीनमालकांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना जमिनींवरून हुसकावले, आणि बोटी भरभरून माणसे समुद्रापार गेली. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी त्याच्या स्वागताचा असा थाट मांडला की हिणवला गेलेला हा वेश राष्ट्राचा मानाचा वेश होऊन बसला. कुळवार टार्टनची आजची व्यवस्थाही बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली आहे. आज किल्ट नेसणाऱ्या अनेकांचे पूर्वज तर सखल प्रदेशातले होते, त्यांनी तो कधी नेसलाही नसेल.

मग हे ढोंग म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. अमेरिकेतील इतिहासकार मार्कस ली हॅन्सन यांनी १९३८ साली एक निरीक्षण मांडले होते. परदेशातून आलेल्यांची मुले आईबापांची भाषा, उच्चार आणि चालीरीती झटकून टाकायला बघतात, कारण त्यांना नव्या समाजात मिसळायचे असते. नातवंडांना ती लाज उरलेली नसते. त्यांचे पाय रोवलेले असतात, म्हणून ती मागे वळून पाहू शकतात.

चाकरमान्यांच्या घरांत ही तिन्ही पावले अगदी स्पष्ट दिसतात. पहिली पिढी गिरणगावात आली, एकेका खोलीत गाववाल्यांबरोबर राहिली आणि गावी मनिऑर्डर करीत राहिली. दुसरी पिढी शाळेत मालवणी हेल लपवीत वाढली. घरी आई मालवणीत हाक मारी आणि मुलगा शुद्ध पुस्तकी मराठीत उत्तर देई, हे ज्यांनी अनुभवले आहे ते वाचक आज साठी-सत्तरीत असतील. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींनी ते गावोगावी नेले, तेव्हा त्या पिढीला आपल्या बोलीवर प्रथमच मोकळेपणी हसता आले. आता तिसरी पिढी तीच बोली मुद्दाम शिकू पाहते.

आपल्याकडे टार्टन नाही, पण त्याहून पक्की एक खूण आहे. ती म्हणजे आडनाव. आचरेकर, मसुरकर, पेंडूरकर, वायंगणकर. स्कॉटिश माणसाला आपले कूळ अंगावर नेसून दाखवावे लागते, कोकणी माणूस सही करतो तेव्हा गावाचा पत्ताच लिहीत असतो. मात्र पत्ता हाती असला तरी त्या पत्त्यावर माणूस हवा. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना इथली घटली. मागे उरलेल्यांत वृद्ध अधिक, आणि ‘कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर फक्त त्यांच्यापाशी आहे.

ते उत्तर देणारे कोणी उरले नाही तर काय होते, हे मॉरिशसमध्ये दिसते. १८३४ पासून पुढची अनेक दशके उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून सुमारे साडेचार लाख भारतीय तिथे गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातले लोक पुष्कळ होते, आणि आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. सरकारी दप्तरात मजुराचे स्वतःचे नाव लिहिले गेले आणि पुढे तेच घराण्याचे आडनाव झाले. भिवाजी, रामजी ही तिथे आडनावे आहेत. गावाचा ‘कर’ समुद्रात बुडाला. तरीही त्यांनी किती राखले पाहा. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवली जाते, कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी ‘झाकरी’ नाचली जाते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. तिथे खापरपणज्याचे नाव शोधायला त्यांचे वंशज जातात. हाती लागते ते कारकुनाने कानाला ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिलेले नाव. ज्याला विचारावे असा माणूस शंभर वर्षांपूर्वीच गेलेला असतो.

आरोग्याच्या पाक्षिकात हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाचे मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी २००१च्या सुमारास मुलांसाठी वीस प्रश्न तयार केले. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडिलांची भेट कशी झाली, कुटुंबावर कोणते संकट आले होते, असे ते प्रश्न होते. ज्या मुलांना अधिक उत्तरे ठाऊक होती, त्यांचा आत्मविश्वास अधिक होता आणि आपल्या आयुष्याची सूत्रे आपल्या हाती आहेत ही भावनाही अधिक होती. नुसती उत्तरे पाठ करून हा लाभ होत नाही, हेही त्यांनी बजावले. जेवताना, सणाला, प्रवासात वारंवार गोष्टी सांगितल्या जातात, त्या सहवासाचा हा गुण आहे. शिवाय सर्वांत उपयोगी पडते ती चढउतारांची कथा. तेव्हा आजोबांनी पखवाज सांगावा तसा १९८२चा गिरणी संपही सांगावा. घरात चूल कशी पेटली, कोणी उसने दिले, कोण गावी परतले, हे नातवंडांपासून लपवण्यासारखे नाही.

आणि सांगणाऱ्याचे काय? म्हातारी माणसे भूतकाळात रमतात हे पूर्वी बुद्धी मंदावल्याचे लक्षण समजले जाई. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली हे मत खोडून काढले. आयुष्याचा असा फेरआढावा घेणे हे वार्धक्यातले स्वाभाविक आणि आवश्यक काम आहे, असे त्यांनी मांडले. त्यातूनच पुढे जुन्या वस्तू, छायाचित्रे, गाणी यांच्या साहाय्याने आठवणी जागवण्याची उपचारपद्धती निघाली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर झालेल्या अशा प्रयोगांचा मोठा आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. लाभ दिसतो, पण तो लहान आहे आणि सर्वांना सारखा होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे हे औषध नव्हे. परंतु दिवसभर ‘हे खा, ते घ्या, उठू नका’ एवढेच ऐकणाऱ्या माणसाला कोणी तरी काही विचारते आहे, याचे मोल प्रयोगाने सिद्ध होण्याची वाट पाहण्याची गरज मला वाटत नाही.

विचारण्याचीही एक रीत आहे. विसराळू झालेल्या माणसाला ‘हा कोण, ओळखा पाहू’ असे कधी विचारू नये. ती परीक्षा होते, आणि नापास झाल्याचा चटका त्यांना लागतो. हाती वस्तू द्यावी. आडकित्ता, विळी, जुने लुगडे, सुपारीचा शिपटा, काहीही चालेल. अलीकडचे पुसले गेले तरी तरुणपणाच्या आठवणी बहुधा बराच काळ टिकतात, तेव्हा लग्नाच्या किंवा पहिल्या नोकरीच्या दिवसांकडे वळावे. सकाळची वेळ बरी, संध्याकाळी गोंधळ वाढतो. समोर बसावे, श्रवणयंत्र लावले आहे ना ते पाहावे, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे तर आधी विचारून मग तो बाजूला ठेवून द्यावा. साल चुकले तर दुरुस्त करू नये. आणि प्रत्येक आठवण गोड नसते, हेही ध्यानात असावे. भूक, अपमान, लवकर गेलेले मूल यांतले काही वर आले आणि माणूस गप्प झाला, तर हात धरून आपणही गप्प बसावे.

गणपतीला वृद्धांना गावी नेणार असाल तर डॉक्टरांना आधी विचारा. औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्त घ्या, पावसात गाड्या अडकतात. ओले खळे हे पडण्याचे पहिले ठिकाण, तिथे वाळू टाका. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवा. मोदकांचा हिशेब मधुमेहींनी स्वतःच ठेवलेला बरा, यजमानीण ठेवणार नाही.

ज्यांना नेणे शक्य नाही त्यांच्यासाठी गाव घरी आणता येते. त्या कांदिवलीच्या मुलीची आजी गुडघ्यांमुळे मुंबईतच राहिली होती. परतल्यावर नातीने तिला नऊवारीतले फोटो दाखवले. आजीने साडीकडे क्षणभर पाहिले. मग चष्मा वर करून ती मागच्या माटवीकडे निरखून पाहू लागली. नारळ बोटाने मोजले, कवंडळे मोजली आणि विचारले, ‘‘आणि शेरवडा खंय?’’