धूसर म्हणजे चुकलेला नव्हे

फोटो जितका रेखीव तितका खरा, ही समजूत इतकी पक्की आहे की हललेला फोटो आपण लगेच पुसून टाकतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो: छायाचित्र आणि चित्रकला यांचे नाते जुने आहे. १८७४ मध्ये पॅरिसला मोने, रन्वार आदी दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचे पहिले प्रदर्शन भरले, ते नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत. १९०७ साली ल्युमिएर बंधूंनी बाजारात आणलेल्या ऑटोक्रोम या रंगीत छायाचित्रणाच्या काचेवर तर नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवलेले बटाट्याच्या स्टार्चचे बारीक कण पसरलेले असत. त्यांतून उमटणारे दृश्य कॅनव्हाससारखे भासे. पुढे छायाचित्रकार एर्न्स्ट हास यांनी स्पेनमधल्या बैलझुंजी मंद शटरने टिपल्या. त्यांत बैलाचा आकार विरघळतो, पण त्याचा वेग उरतो.

अशा धूसर फोटोंवर आक्षेप असा, की ही हात हलल्याची सारवासारव आहे. पण चूक आणि निवड यांत फरक आहे. शटर अर्धा सेकंद उघडे ठेवून कॅमेरा झाडांच्या खोडांच्या रेषेत सावकाश वर नेला, तर खोडे रंगांचे उभे फटकारे होतात; आडवा फिरवला, तर सारा चिखल होतो. म्हणजे दिशा, वेळ आणि प्रकाश यांचा विचार आधी करावाच लागतो. दुसरा आक्षेप, फोटोला असे चित्रासारखे करण्याचे काम आता ॲपचे फिल्टरही करतात. करतात, पण फिल्टर तयार फोटोवर पोत चढवतो, तर इथे सरलेला काळच चित्रात उतरतो. म्हणून पुढचा धूसर फोटो पुसण्याआधी क्षणभर नीट पाहा.