वावळा फुलतो, नाक वाहतं

थंडी ओसरू लागली की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक तक्रार हमखास वाढते. सकाळी उठल्याबरोबर एकामागून एक शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, डोळ्यांना खाज. ताप मात्र नाही. अशाच एका रुग्णाने मला विचारलं, ‘डॉक्टर, आमच्या सोसायटीतला वावळा तोडून त्याजागी उंच, निमुळतं झाड लावलं तर?’

वावळा हा आपल्याकडचा एल्म. मराठवाड्यातल्या पानझडी जंगलात आणि शहरातल्या जुन्या आवारांतही तो दिसतो. आयुर्वेदात त्याला चिरबिल्व म्हणतात. पान चुरगाळलं की उग्र वास येतो, ही त्याची खूण. जानेवारी ते मार्च या काळात पानं झडलेल्या फांद्यांवर बारीक हिरवट फुलं येतात. त्यांचे पराग वाऱ्यावर पसरतात आणि भारतातल्या महत्त्वाच्या ॲलर्जीकारक परागांत त्यांची गणना होते. नंतर अंगणभर उडणाऱ्या गोल, कागदी चकत्या म्हणजे त्याची फळं. लोक दोष त्या चकत्यांना देतात. खरं कारण आधीच येऊन गेलेले, डोळ्यांना न दिसणारे पराग.

आता निमुळत्या झाडाचं. युरोपात कमी जागेसाठी निमुळते एल्म कलमांनी वाढवले गेले. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाच्या नावाने ओळखला जाणारा शंकूसारखा एल्म त्यांपैकीच. बुरशीच्या साथीत असे असंख्य वृक्ष मेले आणि आता ते क्वचितच दिसतात. पण त्याचेही पराग वाऱ्यावरच उडतात. म्हणजे प्रश्न झाडाच्या आकाराचा नाही, परागीभवनाच्या रीतीचा आहे. बहावा, ताम्हण, कांचन यांच्या फुलांवर कीटक येतात. त्यांचे पराग हवेत फारसे पसरत नाहीत. नवं झाड लावताना ही निवड करावी.

जुना वावळा मात्र तोडू नये. पराग वाऱ्याने दूरवरून येतात, त्यामुळे एक झाड गेल्याने त्रास थांबेलच असं नाही. शिवाय १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.

त्याऐवजी त्रासाचे महिने डायरीत लिहून ठेवा. त्या दिवसांत सकाळी खिडक्या बंद ठेवा, बाहेर गॉगल आणि मास्क वापरा, घरी आल्यावर चेहरा धुऊन कपडे बदला. ही सर्दी जंतूंमुळे होत नाही, म्हणून मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे मोसम सुरू होण्याआधीपासून रोज वापरावा लागतो. शिंक आली की मारला, असं चालत नाही. ॲलर्जीची त्वचाचाचणी करायची असेल, तर ॲलर्जीच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारा.

रात्री खोकला, छातीत घरघर किंवा दम लागत असेल, तर ही नुसती सर्दी नव्हे, दम्याची सुरुवात असू शकते. इनहेलरची सवय लागते, या भीतीने उपचार टाळणारे रुग्णच पुढे मध्यरात्री अपघात विभागात येतात. त्या रुग्णालाही मी हेच सांगितलं: झाड राहू द्या, इनहेलर सुरू करा.