घरचा सर्व्हर आणि इंटरनेटच्या दोन वाटा

महाडजवळ सावित्री नदीवर मुंबई-गोवा महामार्गाचे दोन पूल शेजारीं शेजारीं उभे होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरानें त्यांपैकीं जुना, इंग्रजी अमदानींतला दगडी पूल तोडला, आणि दोन एस. टी. गाड्या उतारूंसह नदींत गेल्या. नवा पूल टिकला. पण तोही त्याच नदीवर, त्याच पुरांत उभा होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. घरीं इंटरनेटच्या दोन जोडण्या घेणारा मनुष्य नेमका येथेंच फसतो.

ज्याच्या घरीं सर्व्हर आहे, म्हणजे दुकानाचा हिशेब वा मुलांचे पाठ मागेल त्यास देण्यासाठीं रात्रंदिवस चालणारा संगणक आहे, त्यास एक जोडणी पुरत नाहीं. मग तो दोन कंपन्यांकडून दोन फायबर तारा घेतो. परंतु पोलादपूरकडील एखाद्या वाडींत त्या दोन्ही तारा एकाच रस्त्याच्या कडेनें, त्याच खांबांवरून आलेल्या असतील, तर एक दरड दोहोंसही पुरते. बिलें मात्र दोन येतात! म्हणून दुसरी जोडणी निराळ्या जातीची, मोबाईलच्या मनोऱ्यावरून येणारी, असावी. त्या मनोऱ्याची तारही त्याच रस्त्यानें येत नाहीं ना, याची चौकशी करावी. २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर पाण्यांत बुडालें व तळिये गांवावर दरड कोसळली, तेव्हां फोन बंद पडल्यामुळें मदत मागणेंही दुर्घट झालें होतें.

दोन्ही जोडण्या दोन तोंडांच्या राउटरास जोडाव्या. पहिली बंद पडतांच तो दुसरीवर जातो. मात्र तार शाबूत व दिवा हिरवा असूनही वाट पुढें कोठें तरी तुटलेली असूं शकते. यास्तव राउटरनें दूरच्या एखाद्या पत्त्यास वारंवार हाक मारून उत्तर येतें कीं नाहीं हें पाहावें, अशी व्यवस्था त्यांत करून ठेवावी.

बाहेर जाणें सोपें, बाहेरून आंत येणें अवघड. जोडणी बदलली कीं घराचा पत्ता बदलतो. शिवाय मोबाईल कंपन्या बहुधा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वांटतात. मग पाहुण्यानें दार कोणतें ठोठवावें? उपाय असा कीं, दूरच्या शहरांत एक लहान सर्व्हर भाड्यानें घ्यावा, आणि घरच्या सर्व्हरनें आंतून त्याच्यापर्यंत एक कुलूपबंद बोगदा जोडावा. पाहुणे त्या स्थिर पत्त्यावर येतात व बोगद्यांतून घरीं पोंचतात, मग घराची वाट त्या दिवशीं कोणतीही असो.

राउटर, फायबरचा डबा आणि सर्व्हर या तिघांसही बॅटरीचा आधार हवा. एकासच देऊन भागत नाहीं. मृग लागण्यापूर्वीं एके दिवशीं पहिली तार स्वतःच उपटावी, आणि परगांवच्या एखाद्या स्नेह्यास आपला सर्व्हर उघडून पाहावयास सांगावें.